थुंकी गिळली तर रोजा तुटतो का?

यवतमाळ जिल्ह्यात मार्च लागला की ऊन चटके देऊ लागते. अशा दुपारी रमजानचा रोजा ठेवून सोबत काम करणारा माणूस पाण्याचा घोटही घेत नाही, हे पाहून लोकांना कौतुक वाटते, कीवही येते, आणि ऐकीव समज पसरत जातात. त्यांतला सगळ्यात पक्का समज म्हणजे रोजात थुंकीसुद्धा गिळायची नसते.

हे खरे नाही. तोंडातली लाळ गिळल्याने रोजा तुटत नाही. आंघोळ केली, चूळ भरली, मिसवाकच्या काडीने दात घासले, तपासणीसाठी रक्त दिले, तरी तो कायम राहतो. विसरून कोणी पाणी प्यायला तरी, आपल्याकडे बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेचे आहेत तिच्या मते, आठवण होताच थांबायचे आणि रोजा पुढे चालू ठेवायचा. नियम इतके सोपे असताना थुंकीचा समज टिकून राहिला, कारण रोजा म्हणजे देहाला शिक्षा अशीच अनेकांची कल्पना आहे. मूळ गैरसमज तो आहे.

रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले ते हिजरी सन 2 मध्ये, म्हणजे इ.स. 624 च्या सुमारास. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातल्या, सूरह बकरातल्या 183 ते 187 या आयतींत त्यांचा आदेश आहे. उद्देशही तिथेच सांगितला आहे: माणसात तकवा यावा, म्हणजे ईश्वराचे भान राखून त्याने स्वतःला वाईटापासून आवरावे. त्याला लागूनच सवलती येतात. आजारी आणि प्रवासी माणसाने रोजा न ठेवता पुढे सवडीने भरून काढावा. वार्धक्यामुळे ज्याला कधीच जमणार नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईला गरज असेल तर सूट आहे. मासिक पाळीत तर रोजा ठेवायचाच नसतो, ते दिवस नंतर भरायचे असतात. रात्री काही न खाता दिवसाला दिवस जोडून उपाशी राहायला पैगंबरांनी आपल्या अनुयायांना मनाई केली. पहाटेची सहरी खावी, रोजा सोडण्याला म्हणजे इफ्तारला उगाच उशीर करू नये, ही त्यांची शिकवण. दोन्ही ईदांच्या दिवशी रोजा ठेवणे निषिद्ध आहे. केवळ उपाशी ठेवणे हाच हेतू असता, तर यातला एकही नियम लागला नसता.

काहींना वाटते, देशभर रोजा एकाच वेळी सुटतो. तो सूर्यास्ताला सुटतो आणि सूर्य सगळीकडे एकाच वेळी मावळत नाही. रमजानमध्ये दुकानांत, मशिदींत सहरी आणि इफ्तारच्या वेळांचे छापील तक्ते लागतात, ते त्या त्या गावाचे असतात. यवतमाळला मुंबईपेक्षा सुमारे वीस मिनिटे आधी सूर्य मावळतो. जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही वणीचा रोजा पुसदच्या पाचेक मिनिटे आधी सुटतो. ऋतूही ठरलेला नसतो. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचे, आणि हिजरी पंचांगात अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2018 आणि 2019 मध्ये तो मे महिन्यात, विदर्भाच्या ऐन उन्हाळ्यात सुरू झाला होता. 2030 मध्ये तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल.

पुढचा गैरसमज रोजा ठेवणाऱ्यांच्या घरातही आढळतो. दुपारनंतर कोणी चिडचिड करू लागला की घरचे म्हणतात, ‘रोजा लगा है’, आणि त्याचे बोलणे पोटात घालतात. रोज्याची शिकवण नेमकी याच्या उलट आहे. कोणी भांडायला आले, शिवी दिली, तर ‘मी रोजादार आहे’ एवढेच म्हणावे, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशा आशयाची हदीस बुखारींच्या संग्रहात आहे. चहाडी, निंदा, मापात मारलेला काटा यांनी फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, हिशेबात रोजा तुटत नसेल, पण त्याचे पुण्य जाते. मला हा रोज्याचा गाभा वाटतो. तहान एकवेळ सोसता येते; गिऱ्हाईक हुज्जत घालत असताना, भुकेल्या पोटी, जीभ आवरणे फार अवघड आहे.

आता मधुमेह. गोळी चुकली तरी चालेल, रोजा चुकता कामा नये, असे मानणारी वडीलधारी माणसे अनेक घरांत आहेत. हा समज जिवावर बेतू शकतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानसाठी खास मार्गदर्शिका काढली आहे. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर चढली, तर रोजा लगेच सोडा, असे ती सांगते. बोटाला सुई टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही. औषधांच्या वेळा आणि मात्रा मात्र रमजान सुरू होण्याआधी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

रोजादारासमोर जेवू नये, असाही संकोच असतो. तसा नियम नाही. खुशाल डबा उघडा.

जकात, म्हणजे मालमत्तेतून द्यायचे बंधनकारक दान, रमजानमध्येच द्यायची, हाही अर्धवट समज. शिल्लक मालमत्तेला चांद्र वर्ष पुरे झाले की अडीच टक्के द्यायचे, महिना कोणताही असो. रमजानात पुण्य अधिक म्हणून बहुतेक जण तेव्हा देतात. रमजानशी बांधलेला आहे तो फित्रा. ऐपत असलेल्या कुटुंबप्रमुखाने स्वतःचा आणि लहान मुलांचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, माणशी साधारण पावणेदोन ते दोन किलो गव्हाइतका फित्रा गरिबाला द्यायचा. तो ईदच्या नमाजीआधी पोहोचला पाहिजे, कारण त्या गरिबाच्या घरीही त्याच दिवशी ईद असते.