दारिद्र्याची रेषा आणि आपली माणसे

२००२ साली आमच्या वस्तीत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची पाहणी झाली, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. हातात छापील कागद घेऊन एक गुरुजी आणि ग्रामसेवक उंबऱ्याशी उभे राहिले. जमीन किती, घर कच्चे की पक्के, दोन वेळ जेवता का, असे विचारता विचारता त्यांनी आजीला विचारले, "अंगावर घालायला लुगडी-साड्या किती?" शेजारच्या काकूंनी डोळ्यांनी खुणावले, कमी सांग. आजी म्हणाली, "दोन हायत्या. अन् एक जयंतीची पांढरी." काकू नंतर तिच्यावर चिडल्या, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "जयंतीची साडी लपवायची नसती."

यादी लागली, तेव्हा आमचे नाव तीत नव्हते. कितीतरी दिवस घरात सर्वांना वाटत राहिले की आजीच्या त्या तिसऱ्या साडीनेच घात केला. पुढे एम.ए.ला असताना ती प्रश्नावली माझ्या हाती पडली. एकूण तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, जास्तीत जास्त बावन्न. गुण जितके कमी तितके कुटुंब गरीब. कपड्यांच्या प्रश्नात दोन आणि तीन हे आकडे एकाच रकान्यात पडत होते! साडीने काहीच बिघडवले नव्हते. आमचे गुण वाढले होते ते आजोबांना सरकारी योजनेतून मिळालेल्या पक्क्या घरकुलामुळे. म्हणजे गरीब म्हणून मिळालेल्या घराने आम्हांला गरिबीच्या यादीतून बाहेर काढले. त्याच प्रश्नावलीत घरातील सर्वांत शिकलेल्या माणसाच्या शिक्षणालाही गुण होते. पदव्युत्तर शिक्षणाला पूर्ण चार. ते वाचताना मला हसू आले आणि थोडे भयही वाटले.

आज मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविते. माझ्या वर्गातील पुष्कळशी मुले त्यांच्या घरातील पहिलीच पदवीधर होणार आहेत. 'देशातील दारिद्र्य घटले' असे वर्तमानपत्रात आले की ती विचारतात, "मॅडम, हे खरे की खोटे?" चळवळीतले कार्यकर्तेही हेच विचारतात आणि बहुधा 'खोटे' या उत्तराची अपेक्षा करतात. मला वाटते, खरे की खोटे हे ठरविण्याआधी मोजतात कसे ते आपण समजून घेतले पाहिजे. मोजमापाची भाषा ज्याला कळत नाही त्याला दुसऱ्याने केलेल्या हिशेबावर सही करावी लागते. आपल्या आज्यापणज्यांनी सावकाराच्या वहीवर असे अंगठे पुष्कळ उठविले आहेत.

पहिली गोष्ट अशी की दारिद्र्याचा अंदाज आणि गरिबांची यादी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंदाज काढण्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून काम करते. ती देशातील सर्व घरे पाहत नाही, निवडक घरे पाहते. २०२२-२३ च्या पाहणीत सुमारे २ लाख ६१ हजार कुटुंबे होती. भात शिजला की नाही हे शितावरून कळते, तसे हे काम. मात्र शितावरून भाताची पारख होते, कोणत्या ताटात किती वाढले ते कळत नाही. नावानिशी यादी करायला घरोघरच जावे लागते. २००२ च्या पाहणीत एक विपरीत घडले. राज्यात गरीब किती असावेत याचा आकडा नियोजन आयोगाच्या अंदाजावरून आधीच ठरलेला होता, आणि त्यात बसतील इतपतच कुटुंबे आत यावीत अशा बेताने गुणांची मर्यादा आखायची होती. म्हणजे आमच्या दारिद्र्याचा निर्णय आमच्या चुलीपाशी झालाच नाही. वरून आलेल्या आकड्यात आम्ही मावलो नाही, इतकेच.

आता रेषेकडे येऊ. आपल्याकडे हा हिशेब प्रथम मांडला दादाभाई नौरोजींनी, १८७६ साली. तुरुंगातल्या कैद्याला आणि परमुलखात नेल्या जाणाऱ्या मजुराला जगविण्यासाठी किती अन्नवस्त्र लागते, याचा खर्च त्यांनी काढला आणि हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न त्याच्याशी ताडून पाहिले. उत्पन्न निघाले वर्षाला सुमारे वीस रुपये. कैद्याला मिळते तेवढेही रयतेला मिळत नाही, हा त्याचा अर्थ होता. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली एका कार्यगटाने माणशी दरमहा वीस रुपये, १९६०-६१ च्या किमतीने, ही किमान गरज ठरविली. शिक्षण आणि आरोग्य यांचा खर्च त्यात धरला नव्हता, कारण ती जबाबदारी शासनाची मानली होती. हे वाक्य कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी रोज माणशी २२५० उष्मांक देणारा आहार हा पाया धरून दाखविले की १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या पातळीखाली होते. १९७९ मध्ये सरकारी कृतिगटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० उष्मांक हे माप ठरविले.

पुढे अनेक वर्षे नवी रेषा आखली गेली नाही, जुन्याच रेषेला महागाईचे ठिगळ लावत गेले. दरम्यान शासनाने मानलेली जबाबदारी पातळ होत गेली. दवाखाना खाजगी झाला, शाळेला फी आली. रेषेत मात्र त्यांना पुरेशी जागा नव्हती. ही उणीव २००९ च्या तेंडुलकर समितीने काही अंशी भरून काढली. पण तिच्या पद्धतीने २०११-१२ साठी निघालेली रेषाही खेड्यात दरमहा माणशी ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये एवढीच होती, म्हणजे दिवसाला सुमारे २७ आणि ३३ रुपये. या रेषेने देशात २१.९ टक्के लोक गरीब ठरले. २०१४ साली रंगराजन समितीने रेषा वर उचलून ९७२ आणि १४०७ रुपये केली, तर त्याच वर्षासाठी तोच आकडा २९.५ टक्के झाला. माणसे तीच, चूल तीच, वर्षही तेच. रेषा थोडी सरकली आणि कोट्यवधी माणसे इकडची तिकडे झाली. त्यानंतर सरकारने नवी अधिकृत रेषा स्वीकारलेली नाही.

मग दारिद्र्य घटले हे खोटेच का? नाही. तेंडुलकर पद्धतीनेच मोजले तर १९९३-९४ मध्ये ४५.३ टक्के, २००४-०५ मध्ये ३७.२ टक्के आणि २०११-१२ मध्ये २१.९ टक्के असा क्रम लागतो. माप एकच ठेवून आकडा उतरला असेल तर तो मानला पाहिजे. जागतिक बँकेच्या २०२५ मध्ये ठरलेल्या रोजी ३ डॉलरच्या मापानेही भारतातील अतिदारिद्र्य २०११-१२ मधील २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आल्याचे तिचा अंदाज सांगतो. इथले डॉलर बाजारातल्या भावाचे नसतात, खरेदीशक्तीचे असतात, हेही लक्षात असू द्यावे. माझ्या आईने जो उपास काढला तो माझ्या भाचीच्या वाट्याला आलेला नाही, हे मी डोळ्यांनी पाहते. नाकारून चळवळ बळकट होत नाही.

परंतु तुलना करताना तराजू तोच आहे का, हे विचारलेच पाहिजे. १९९९-२००० मध्ये पाहणीतील प्रश्न विचारण्याची रीत बदलली. गेल्या सात दिवसांत काय खाल्ले आणि गेल्या तीस दिवसांत काय खाल्ले, असे दोन्ही एकाच बैठकीत विचारले गेले. एका उत्तराचा परिणाम दुसऱ्यावर झाला असावा, म्हणून त्या वर्षीच्या उतरत्या आकड्यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. २०१७-१८ ची पाहणी झाली, पण तिच्या आकड्यांच्या दर्जाचे कारण देऊन सरकारने ती प्रसिद्धच केली नाही. २०२२-२३ मध्ये पुन्हा पद्धत बदलली आणि एकाच कुटुंबाकडे तीन वेळा जाऊन वेगवेगळ्या वस्तूंची विचारपूस झाली. ही रीत कदाचित अधिक चांगली असेल, पण तिचा आकडा २०११-१२ शेजारी सरळ ठेवता येत नाही. दहा वर्षे तराजू बंद, आणि मग नवा तराजू. मधल्या काळात नोटबंदी आणि कोरोना येऊन गेले.

खर्चावरून दारिद्र्य मोजण्यात आणखी एक खाच आहे. आमच्या घरी धाकट्या भावाचे ऑपरेशन झाले त्या वर्षी वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली. तो सारा पैसा दवाखान्यात गेला. त्या वर्षी कोणी आमचा खर्च मांडला असता तर आम्ही आदल्या वर्षीपेक्षा सुखवस्तू दिसलो असतो! कर्ज काढून केलेला खर्च हाही खर्चच धरला जातो. तो फेडायला पुढचे दोन हंगाम कोयता हाती धरावा लागतो, हे त्या रकान्यात कुठेही येत नाही.

नीती आयोगाचे बहुआयामी मोजमाप खर्चाऐवजी पोषण, शाळा, संडास, इंधन, बँकखाते अशी बारा निदर्शके पाहते. त्यानुसार २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के असलेले गरीब २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्के झाले. यातील सुधारणा खऱ्या आहेत. पण खाते आहे की नाही एवढेच इथे विचारतात, खात्यात काय आहे ते विचारत नाहीत.

टक्केवारीचा सर्वांत मोठा दोष अमर्त्य सेन यांनी १९७६ साली दाखविला. समजा, रेषा ८१६ रुपयांवर आहे. एका बाईचा खर्च ८१० आहे आणि दुसरीचा ४००. पहिलीला दहा रुपये दिले की एक गरीब कमी झाला. दुसरीला तीनशे दिले तरी ती ७०० वर, रेषेखालीच. टक्केवारी खाली आणायची घाई असलेला कारभारी कोणाला मदत करील? तेव्हा किती जण खाली आहेत एवढेच पुरे नाही, ते किती खोल आहेत हेही विचारावे लागते. खोलवर कोण असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

आता विषमता. ती मोजायला गिनी नावाचा गुणांक वापरतात. सर्वांना सारखे मिळाले तर शून्य, सारे एकालाच मिळाले तर एक. २०२२-२३ मध्ये खर्चातील विषमतेचा गिनी ग्रामीण भागात ०.२६६ व शहरात ०.३१४ होता, आणि २०२३-२४ मध्ये तो ०.२३७ व ०.२८४ झाला. यावरून भारत समतेच्या वाटेवर आहे असे काहीजण सांगू लागले. पण हा खर्चाचा गिनी आहे. श्रीमंत माणूस मिळकतीतला थोडा भाग खर्च करतो आणि उरलेला जमीन, सोने, शेअर यांत ठेवतो. शिवाय पाहणी करणाऱ्याला बंगल्याचे फाटक सहसा उघडत नाही. करविवरणे आणि इतर साधने जुळवून भारती, शांसेल, पिकेटी आणि सोमंची यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. एकाच देशाची ही दोन चित्रे आहेत, कारण मोजलेल्या वस्तू दोन आहेत.

गिनीची दुसरी मर्यादा आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. गिनीला जात दिसत नाही. गावातल्या पाटलाची मिळकत मांगवाड्यातल्या माणसाला आणि त्याची पाटलाला दिली, तरी गिनी तसूभरही हलणार नाही. तळाशी कोण आहे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या तिथेच का आहे, हा प्रश्न त्या सूत्रात बसतच नाही. म्हणून गट पाडून पाहावे लागते. २०११-१२ मध्ये ग्रामीण भारतात गरीब २५.७ टक्के होते, पण अनुसूचित जातींत ३१.५ आणि अनुसूचित जमातींत ४५.३ टक्के. २०२२-२३ च्या पाहणीत खेड्यात अनुसूचित जातींचा दरमहा माणशी खर्च ३४७४ रुपये आणि 'इतर' म्हणजे वरच्या गटाचा ४३९२ रुपये होता. त्यांच्या रुपयाला आपले ७९ पैसे. शहरात हेच आकडे ५३०७ आणि ७३३३ रुपये, म्हणजे रुपयाला ७२ पैसे. बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हटले ते योग्यच होते. शहरातला आपला माणूस खेड्यातल्यापेक्षा अधिक खर्च करतो. पण शहरात अंतर मिटले नाही, ते रुंदावलेले दिसते.

या गटवार आकड्यांतही आपल्याला एका जुन्या खड्ड्याचा विसर पडू नये. १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांनी जनगणनेत 'बौद्ध' असे लिहिले ते केंद्राच्या अनुसूचित जातींच्या गणतीतून बाहेर पडले. १९९० च्या दुरुस्तीने त्यांना पुन्हा त्या यादीत जागा मिळाली. परिणामी महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये सुमारे ७ टक्के होते, ते १९९१ मध्ये ११ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत एवढी माणसे जन्मली नव्हती. कायद्याची व्याख्या बदलली होती. त्या दशकांतील महाराष्ट्राच्या दलितांचा कल कोणी एका सरळ रेषेत काढून दाखविला, तर मधली ही फट त्याला दाखवून द्यावी. सर्व जातींची गणती तर १९३१ नंतर पूर्णपणे हाती आलेलीच नाही. पुढील जनगणनेत ती करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. ती नीट होते की नाही, यावर पहारा ठेवणे हे आपले काम आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दारिद्र्याचा आकडा समोर येईल, तेव्हा आनंद किंवा संताप व्यक्त करण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. मोजले काय, खर्च, उत्पन्न की मालमत्ता? रेषा कोठे आणि कोणत्या साली आखली? मागच्या वेळचा तराजू हाच होता का? रेषेखालचे लोक किती खोल आहेत? आणि जातवार, स्त्रीपुरुषवार फोड कोठे आहे? ज्या आकड्याला या पाचांची उत्तरे देता येतात तो आपल्या विरुद्ध असला तरी मानावा. ज्याला देता येत नाहीत तो आपल्या बाजूचा असला तरी भाषणात वापरू नये.

महाविद्यालयातील शिक्षकांना मला एक सुचवायचे आहे. वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना त्यांच्याच वस्तीत पाठवावे आणि खर्चाबरोबर कर्ज, उचल, आजारपण व जमीन यांचीही नोंद करवून घ्यावी. मी हे करते. मुले प्रथम लाजतात, कारण आपल्याच आईला 'साड्या किती' असे विचारणे सोपे नसते. पण ती लाज अनुभवल्यावाचून प्रश्नावली कशी असावी हे कळत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीला बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. त्या विसंगतीचे मोजमाप दुसऱ्यांच्या हाती सोपवून आपल्याला चालणार नाही. ती वही आता आपल्याला वाचता येते. लिहायलाही घेतली पाहिजे.