सायलेन्सर रस्त्याला का घासतो?

दिवाळीला किंवा लग्नसराईत पुण्या-मुंबईहून बीड जिल्ह्यातील शिरूर कासारकडे येणाऱ्या गाड्यांत एखादी खाली बसवलेली, जाड नळीचा सायलेन्सर लावलेली गाडी दिसली, तर आता कुणाला नवल वाटत नाही. द्रुतगती मार्गावर ती झोकात धावते. मात्र महामार्ग सोडून सिंदफणेच्या काठच्या या तालुक्यातील गावरस्त्याला लागले, की पहिल्याच गतिरोधकावर तिच्या पोटाखालून खरखर ऐकू येते. दोष सहसा गतिरोधकाच्या उंचीला दिला जातो. वास्तविक उंचीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाची असते ती त्याची रुंदी.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा, अशी अपेक्षा असते. आता मारुती स्विफ्टसारखी गाडी घ्या. नव्या स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २४५० मिलिमीटर, तर पोट आणि जमीन यांतील अंतर, म्हणजे ग्राऊंड क्लिअरन्स, १६३ मिलिमीटर आहे. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर गाडीची चारही चाके एकाच वेळी चढलेली असतात, त्यामुळे गाडीही त्याच्याबरोबर उचलली जाते. हिशेब केला तर पोटाखालची जेमतेम ४४ मिलिमीटर जागा खर्च होते. याउलट रात्रीतून मुरूम-डांबर टाकून उभारलेला हातभर रुंदीचा उंचवटा दोन्ही चाकांच्या मधोमध येतो. त्या क्षणी चाके सपाट रस्त्यावर असतात आणि उंचवट्याची पूर्ण उंची पोटाखाली घुसते. असा उंचवटा १५ सेंटिमीटरचा असेल, तर मूळ गाडीसुद्धा १३ मिलिमीटरने वाचते, आणि तीही रिकामी असताना! मागच्या आसनावर तिघे जण आणि डिकीत फराळाचे डबे असतील, तर तेवढेही उरत नाही.

त्यात लोअरिंग स्प्रिंग बसवून गाडी ४० मिलिमीटरने खाली आणली आणि ४५ ऐवजी ६३ मिलिमीटर व्यासाची नळी जुन्याच उंचीवर टांगली, तर नळीचा तळ आणखी १८ मिलिमीटरने खाली येतो. नळी हाच सर्वांत खालचा भाग धरला, तर उरतात १०५ मिलिमीटर. एवढ्यात मानकाचा गतिरोधक सुखरूप पार होतो. गावचा होत नाही. तिरपी गाडी घालण्याची चालकांची युक्ती खरी आहे, कारण एखादे चाक उंचवट्यावर राहून गाडीला उचलून धरते. ब्रेकही आधी दाबून उंचवट्यावर सोडलेला बरा, नाही तर नाक खाली जाते. पण गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी कच्च्या रस्त्यात दोन खोल चाकोऱ्या पाडल्या, की मधला वरंबा सलग सायलेन्सरखाली येतो. तिथे तिरपे जाऊन चालत नाही. एक चाक वरंब्यावर चढवणे एवढाच उपाय.

मग नळी वर उचलून तळाला चिकटवावी का? तसे करता येत नाही. इंजिन हलते, त्याबरोबर नळीही हलते. म्हणून ती रबरी हँगरवर टांगलेली असते. शिवाय दोन मीटरची पोलादी नळी तीनशे अंशांनी तापली, की सुमारे सात मिलिमीटर लांबते. अधिक शहाणपणाचा मार्ग चपट्या नळीचा. ६३ मिलिमीटरच्या गोल नळीतून जेवढा वायू जाईल, साधारण तेवढाच ४५ मिलिमीटर उंच आणि ७९ मिलिमीटर रुंद अशा लंबगोल नळीतून जातो. गेलेले १८ मिलिमीटर परत मिळतात. जोडाची फ्लँज मात्र खाली लोंबत ठेवू नये. दणका सर्वप्रथम तिलाच बसतो.

हा दणका केवळ आवाजापुरता नसतो. सायलेन्सरच्या आधीचा जोड तडकला, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळाखाली साचतो आणि एखाद्या फटीतून आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. काचा लावलेल्या गाडीत झोपलेल्या मुलाबाळांना तो कळणारही नाही. दुसरा धोका आपल्याकडचाच. बाजरी, तूर मळणीसाठी रस्त्यावर पसरलेली असते. तिचा भुसा आणि काड तापलेल्या नळीला किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला अडकले, तर पेट घेऊ शकतात. खाली आलेल्या नळीत ते लवकर अडकतात, हे उघडच आहे. म्हणून तळाची हीट शील्ड काढून टाकण्याचा गॅरेजवाल्याचा सल्ला मुळीच मानू नये.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही अशी तरतूद झाली. आवाजाची मर्यादा ओलांडणाऱ्या सायलेन्सरला वेगळी शिक्षा आहे.