घरची जुनी गाडी संस्थेला देताना

मंडळी, आजचा विषय वरवर पाहता अगदी साधा आहे. दारात एक मोठी गाडी उभी आहे. सुमो असेल, बोलेरो असेल, स्कॉर्पिओ असेल. मुलं पुण्याला गेली, कुणी परदेशात गेलं, घरात दोनच माणसं उरली आणि सात जणांची गाडी आठवड्यातून एकदा मंडईला जाऊन येते. विकायला काढली तर एजंट जो आकडा सांगतो तो ऐकून वाईट वाटतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, एवढ्यात विकण्यापेक्षा एखाद्या संस्थेला देऊन टाकू.

विचार चांगलाच आहे. वस्तूच्या रूपानं देणं ही आपल्या भागाची जुनी रीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडलं. ते चाललं कशावर? मुष्टिफंडावर. बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायच्या आणि ते मुलांच्या जेवणासाठी जायचं. आता या मूठभर धान्याचा एक गुण लक्षात घ्या. ज्वारी दळली, भाकरी झाली, मुलाच्या पोटात गेली, काम झालं. गाडीचं तसं नाही. ती घेणाऱ्याच्या दारात गेल्यावर रोज मागत राहते.

किती मागते ते आपण कागदावर मांडून बघू. समजा, जतची एखादी संस्था डायलिसिसच्या पेशंटना मिरजेला नेते-आणते. मिरजेला दवाखान्यांची परंपरा मोठी, डॉ. वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं १८९४ साली, आणि आजही जत, आटपाडीपासून कर्नाटकातल्या गावांपर्यंतची माणसं मिरजेची वाट धरतात. १०८ ची रुग्णवाहिका आहे, ती मोफत आहे, पण ती तातडीच्या वेळेसाठी. आठवड्यातून दोनदा-तीनदा ठरलेल्या दिवशी डायलिसिसला जाणाऱ्याला ती कशी मिळणार? तो एसटी बदलत जातो आणि येताना अंगात त्राण नसतं. इथं आपली गाडी खरोखर उपयोगाची आहे.

जत ते मिरज जाऊन-येऊन साधारण १६० किलोमीटर धरा. आठवड्याला दोन फेऱ्या म्हणजे महिन्याला १४०० किलोमीटर. जुनी डिझेल गाडी लिटरला १२ देते असं मानलं आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर महिन्याला साडेदहा हजार. वर्षाला सव्वा लाख, आणि यात ड्रायव्हरचा पगार नाही, टायर नाहीत, सर्व्हिसिंग नाही. १५०० सीसीच्या वरचं इंजिन असेल तर नुसता थर्ड पार्टी विमाच २०२२ च्या दरानं ७८९७ रुपये, वर जीएसटी. म्हणजे अडीच लाखांची गाडी आपण दिली, तर दोन वर्षांत तेवढ्याच किमतीचं डिझेल संस्थेनं घालायचं. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न ‘गाडी हवी का?’ हा विचारू नका. त्याला कुणी नाही म्हणत नाही, देणाऱ्याचं मन मोडवत नाही. विचारायचं ते असं: आत्ता तुमची माणसं कशानं जातात, महिन्याला किती फेऱ्या होतात, गाडी कोण चालवणार? भाड्याच्या गाडीवर आधीच खर्च होत असेल तर गाडी द्या, आणि जमलं तर पहिल्या वर्षाचं डिझेलही द्या. तिन्ही प्रश्नांवर नुसतंच ‘बघू, करू काहीतरी’ असं उत्तर आलं, तर गाडी विका आणि पैसे द्या.

बरं, गाडी दिली म्हणून ती रुग्णवाहिका होत नाही. वर लाल-निळा दिवा आणि आत स्ट्रेचर बसवलं की झालं, असा समज आहे. रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ नावाची मानकं आहेत, नोंदणी वेगळी असते. बैठे पेशंट घरच्या गाडीतून न्यायला हरकत नाही, पण मोफत. डिझेलपुरते पैसे प्रत्येकाकडून घ्यायचे ठरवलं की ती भाड्याची वाहतूक ठरू शकते. पांढऱ्या पाटीच्या गाडीत तसं करताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. संस्थेतली माणसं भाबडी असतात, त्यांना हे देणाऱ्यानंच सांगावं.

गाडीच्या अवस्थेबद्दल थोडं. कठोपनिषदाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. वाजश्रवस यज्ञात सगळं दान करायला निघाला आणि गाई दिल्या त्या दूध आटलेल्या, म्हाताऱ्या. लहानग्या नचिकेताला ते खटकलं आणि तिथून सगळं उपनिषद सुरू झालं. आपल्याकडेही २०१९ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या होत्या. त्या धुऊन-पुसून चकचकीत झाल्या तरी वायरिंगचा भरवसा नसतो. अशी गाडी कासच्या किंवा पाटणच्या घाटात पेशंटला घेऊन बंद पडली तर? तवेरासारख्या गाडीचाही विचार करा. कंपनीनं २०१७ मध्ये भारतात विक्रीच थांबवली, सुटे भाग शोधत फिरावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं तपासणी होऊन ५ वर्षांनी वाढते. चौदाव्या वर्षी गाडी देणं म्हणजे वर्षभरात तो खर्च संस्थेच्या गळ्यात. तशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला द्यावी आणि येतील ते पैसे दान करावेत. त्यात कमीपणा काही नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि इथं मी जरा वेळ घेणार आहे. आपल्याकडे दान म्हणजे हार, नारळ, किल्लीचा फोटो. आणि आरसी बुक? ते ‘करू सावकाश’. असं अजिबात करू नका. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. तिथं गाडी विकली गेली होती, पुढं हातोहात आणखी विकली गेली, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी आली नोंदणीतल्या त्या पहिल्या माणसावर. त्यानं तर पैसे घेऊन विकली होती. आपण फुकट देणार, आणि वर लाखांच्या भरपाईची नोटीस आपल्याच घरी यायची.

म्हणून फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. पहिला हस्तांतर कळवण्याचा, दुसरा नाव बदलून मागण्याचा. राज्यातल्या राज्यात असेल तर देणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. साताऱ्याची एमएच-११ सांगलीत गेली तरी नंबर तोच राहतो. कर्ज असेल तर बँकेचा किंवा पतसंस्थेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरतो. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या, थकलेली ई-चलनं भरून टाका. विमाही १४ दिवसांत नव्या नावावर व्हायला हवा. फास्टॅग बंद करायला लोक हमखास विसरतात. मग संस्थेची गाडी आनेवाडी नाहीतर तासवडे नाका ओलांडते आणि मेसेज आपल्याला येतो.

नाव चढवायचं ते ट्रस्टचं, अध्यक्षांचं नव्हे. अध्यक्ष कितीही सज्जन असोत, उद्या त्यांच्या घरात वाटण्या झाल्या की गाडी त्यात जाते. ट्रस्टचं नोंदणीपत्र, पॅन, आणि ‘ही गाडी आम्ही स्वीकारतो, सही अमुक विश्वस्त करतील’ असा ठराव मागून घ्या. कायद्यानं जंगम वस्तूचं दान ताबा देऊन होतं, बक्षीसपत्राची नोंदणी सक्तीची नाही. तरी साधं दानपत्र लिहावं, त्यात तारीख आणि वेळसुद्धा घालावी.

कराचं विचारतात. मुलगा अमेरिकेतून फोनवर सांगतो, इथं गाडी दान केली की करात सूट मिळते. बरोबर आहे, तिथं संस्था गाडी उचलून नेते, बहुधा लिलावात काढते. पण तिथंही २००५ पासून सूट साधारणपणे प्रत्यक्ष विक्रीच्या रकमेपुरतीच आहे. आपल्याकडे ८०जी ची सवलत फक्त पैशाच्या देणगीला, वस्तूला नाही. तेव्हा ‘तीन लाखांची पावती द्या’ असं संस्थेला म्हणू नका, ती पावती खोटी ठरते. सवलत हवीच असेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर गाडी विका. घरच्या वापराच्या गाडीवर भांडवली नफ्याचा कर नसतो. आणि पैसे चेकनं द्या, कारण २००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: ‘गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते गेल्या वर्षी वारले. आईची इच्छा आहे की ती एखाद्या वसतिगृहाला द्यावी.’ आईंची इच्छा पुरी होईल, पण दोन टप्प्यांत. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर आणायची. मृत्यू झाल्यावर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असतो. मुदत उलटली असेल तर दंड भरून करून घ्या, पण आधी भावंडांची लेखी संमती घ्या. वडिलांच्या सहीचा जुना कोरा फॉर्म घरात सापडला, तो वापरू का, असंही पुढं लिहिलंय. नाही. गेलेल्या माणसाच्या सहीनं दान होत नाही.

दुसरी मिरजेची आहे. संस्था अथणीची. अथणी कर्नाटकात, त्यामुळे तिथं नाव चढण्याआधी इथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागेल, तो फॉर्म २८. शिवाय गाडी वर्षापेक्षा जास्त तिथं राहिली की नंबरही केए चा घ्यावा लागतो आणि तिथला रोड टॅक्स बसतो. संस्थेला तो परवडतो का ते आधी विचारा. नसेल, तर मिरजेतच विकून तेवढी रक्कम पाठवलेली त्यांना जास्त सोयीची पडेल.