गिटार-बँजोच्या अॅम्प्लिफायरमध्ये रेडिओ का बोलतो?
दोष शोधण्याची सोपी रीत

हिंदमाता नाक्यावरून परळ-लालबागकडे निघाले की गणपतीत आणि लग्नसराईत बँजो पार्टीचा आवाज कानी पडतोच. हा बँजो म्हणजे तारा आणि कळा असलेले वाद्य. १९१२ साली जपानमध्ये तयार झालेल्या तैशोगोतो या वाद्याचा हा आपल्याकडील अवतार होय. त्याला विजेचा पिकअप बसविला की तो गिटारप्रमाणेच अॅम्प्लिफायरवर वाजतो. ही वाद्ये व त्यांची यंत्रे विकणे, भाड्याने देणे आणि दुरुस्त करणे यावर अनेक दुकानदारांची व कारागिरांची रोजी अवलंबून आहे.

या धंद्यात एक तक्रार वारंवार येते. वाद्य जोडले की स्पीकरमधून बातम्या किंवा गाणी ऐकू येतात, किंवा सतत घूं घूं आवाज येतो. पुष्कळदा अॅम्प्लिफायर खराब ठरविला जातो आणि ग्राहक नव्या यंत्राच्या खर्चात पडतो. नव्या यंत्रातही रेडिओ बोलू लागला की ग्राहक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. वास्तविक दोष बहुधा एखाद्या सुटलेल्या सांध्यात किंवा तुटलेल्या जाळीत असतो. तो क्रमाने शोधला पाहिजे.

प्रथम कारण समजून घेऊ. रेडिओ ऐकण्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात: लहरी पकडणारी तार, त्या लहरींतून आवाज वेगळा काढणारा भाग आणि तो आवाज वाढविणारे यंत्र. गिटारच्या जोडणीत या तिन्ही गोष्टी आपसूक हजर असतात. जाळी तुटलेली केबल एरियलचे काम करते. गंजलेला जॅक, कच्चे सोल्डर किंवा अॅम्प्लिफायरचा पहिला ट्रान्झिस्टर आवाज वेगळा काढतो. जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली अमेरिकेत ज्या शोधकाचे पेटंट मिळाले, तो गॅलेना या खनिजाच्या स्फटिकाचा होता. गंजलेला सांधाही त्या स्फटिकासारखाच वागू शकतो. पुढे आवाज मोठा करायला अॅम्प्लिफायर आहेच.

मध्यम लहरींवरील केंद्रांचा आवाज असा सहज शिरतो, कारण त्या लहरींची ताकद आवाजाबरोबर कमी-जास्त होत असते. एफएमचा आवाज त्या मानाने क्वचित येतो.

आता आवाजाची ओळख. माणसाचे बोलणे किंवा गाणे ऐकू आले तर तो रेडिओ. खर्जातील स्थिर गुणगुण विजेच्या ५० हर्ट्झची असते. कर्कश चरचर आली तर दुकानातील डिमर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर किंवा मोटार तपासावी. हिंदमातासारख्या कापडबाजारात, जिथे दिव्यांची रोषणाई दिवसभर चालू असते, तिथे हा त्रास संभवतो. थांबून थांबून येणारी टर्र टर्र जवळच्या मोबाईलची असू शकते. टू-जी पद्धतीचा फोन बोलताना सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्याने लहरी सोडतो. फोन चार-सहा फूट दूर ठेवला की हा आवाज जातो.

तपासणीची पहिली पायरी: अॅम्प्लिफायरमधील सर्व केबल काढा आणि तो नुसता चालू करा. तरीही रेडिओ बोलत असेल तर व्हॉल्यूम फिरवून पाहा. आवाज कमी-जास्त झाला तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात. काहीच फरक पडला नाही तर तो पुढील भागातून, स्पीकरच्या तारेतून किंवा विजेच्या वायरीतून येत आहे.

दुसरी पायरी: अॅम्प्लिफायर शांत असेल तर केवळ केबल जोडा. तिचे दुसरे टोक मोकळे ठेवले तर चांगली केबलही आवाज करते, त्यामुळे त्या प्लगचे टोक आणि दांडी मगर-क्लिपने एकमेकांना जोडा. आता शांतता हवी. रेडिओ आला तर केबल किंवा जॅक दोषी. केबल हलवून पाहा, दुसरी लावून पाहा. मल्टिमीटरने एका प्लगच्या दांडीपासून दुसऱ्याच्या दांडीपर्यंत मोजा. ओहम जवळजवळ शून्य आले पाहिजेत.

तिसरी पायरी: वाद्य जोडा आणि वाद्यावरील व्हॉल्यूम शून्य करा. आवाज थांबला तर तो पिकअप किंवा त्याच्या आतल्या तारांतून येतो. थांबला नाही तर वाद्याचा जॅक आणि त्याची अर्थची तार पाहा. तारांना हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर तारांना जोडणारी अर्थची वायर तुटलेली असण्याचा संभव आहे.

चौथी पायरी: इफेक्टचे पेडल असतील तर ते एकेक करून जोडा. ज्या पेडलवर आवाज सुरू होतो ते अडॅप्टरऐवजी बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला तर दोष अडॅप्टरचा.

उपाय फार खर्चाचे नाहीत. जॅक साफ करावा, सांधे पुन्हा पक्के सोल्डर करावेत, केबल दाट जाळीची आणि गरजेपुरतीच लांब ठेवावी. वाद्याच्या आतील पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थच्या तारेला जोडावी. अॅम्प्लिफायरजवळ केबलवर फेराइटची कडी बसवावी. तरीही रेडिओ राहिला तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या आधी १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे ग्राउंडला १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा, दोघांच्या तारा अगदी आखूड ठेवाव्यात. ही जोडी सुमारे १६० किलोहर्ट्झच्या वरचे रोखू लागते. मध्यम लहरी ५३१ किलोहर्ट्झपासून सुरू होतात आणि माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, म्हणून वाद्याच्या आवाजाला धक्का लागत नाही. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर मात्र माहितगारानेच उघडावा. वीज बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घूं घूं बंद करण्यासाठी काही जण प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंग, काढून टाकतात. आवाज कधी कधी खरोखर थांबतो आणि कारागिराला शाबासकीही मिळते. पण यंत्रात फेजची तार पेटीला लागली तर वीज केबलच्या जाळीतून थेट वाद्याच्या तारांत येते, आणि त्या तारांवर माणसाची बोटे असतात. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे गिटारवादक लेस हार्वे याचा भर कार्यक्रमात मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. त्या जोडणीचे अर्थिंग नीट नव्हते. हिंदमाताचा सखल रस्ता मोठ्या पावसात पाण्याखाली जातो हे सर्वांना ठाऊक आहे आणि गणपतीही पावसाळ्यातच येतात. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या वादकाच्या हाती अर्थिंग नसलेले यंत्र देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

घूं घूं घालविण्याची सुरक्षित वाट वेगळी आहे. सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत. दोन यंत्रांमध्ये आवाजाची तार जोडताना ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स वापरावा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा; तो अर्थिंगच्या जोडीला हवा, बदली म्हणून नव्हे.

मशिदीतील, शाळेतील किंवा सभेतील लाऊडस्पीकरमध्ये रेडिओ बोलू लागला तरी शोध याच क्रमाने घ्यावा. तिथे मायक्रोफोनची लांब तार प्रथम पाहावी.

दुकानदारांना आमची सूचना एवढीच की दुकानात एक तपासलेली केबल, मगर-क्लिप आणि मल्टिमीटर कायम ठेवावे. दोष कुठे सापडला ते बिलावर लिहावे आणि शोधण्याच्या मेहनतीचे पैसे उघडपणे घ्यावेत. केबलचा दोष असताना अॅम्प्लिफायर विकून एकदाच नफा होतो. दोष दाखवून केबल दुरुस्त करून दिली तर तोच ग्राहक दरवर्षी येतो आणि आणखी चार जणांना घेऊन येतो.