सही नाही, तरी अस्सल

थोरामोठ्यांची पत्रं जमवणाऱ्यांच्या जगात सगळा भाव सहीला. मजकूर दोन ओळींचा असला तरी चालेल, खाली नाव हवं. ही नजर घेऊन शिवाजी महाराजांचं पत्र पाहायला गेलात तर चक्रावून जाल, कारण त्यावर सहीच सापडत नाही. मजकूर कारकुनाच्या हातचा, वरच्या बाजूला महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ असा छोटा शिक्का. या धाकट्या शिक्क्याला मोर्तब म्हणतात. पत्र इथे संपलं. यापुढे कुणी एखादी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, हा बंदोबस्त त्यानं होतो.

पण शिक्का तरी खोटा कोरता येतोच की! तसे उद्योग झालेही. वतन आणि इनाम कागदाच्या आधारावर टिकायचं, तेव्हा भाऊबंदकीत बनावट कागद निघणं ओघानंच आलं. कंपनी सरकारनं १८५२ मध्ये इनाम कमिशन नेमलं, त्या वेळीही जुन्या सनदांची कसून छाननी झाली. मग खरं-खोटं ओळखायचं कसं? इथून पुढची गोष्ट एखाद्या गुन्ह्याच्या तपासासारखी रंगत जाते.

पहिला साक्षीदार तारीख. राज्याभिषेकापूर्वीच्या पत्रांत बहुधा शुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत, मोडी अक्षरांनी लिहिलेला. ‘सीत अर्बैन व अलफ’ म्हणजे सहा, चाळीस आणि हजार : १०४६. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो, कारण हे वर्ष मृगाला, पेरणीच्या तोंडावर बदलतं. गंमत अशी, की वर्ष सूर्याचं असलं तरी महिना आणि तारीख हिजरी, म्हणजे चंद्राची. दोघांची सांगड बसली नाही की कागद संशयात सापडतो.

६ जून १६७४ नंतर सगळं पालटतं. राज्याभिषेक शक सुरू होतो. संवत्सराचं नाव, महिना, तिथी आणि वार येतात. साठ संवत्सरांच्या फेऱ्यात त्या वर्षाचं नाव ‘आनंद’, तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. मायनाही बदलतो : आधी ‘अज रखतखाने’ असा फारसी थाट, नंतर ‘क्षत्रियकुलावतंस’. खोटं पत्र रचणाऱ्याला अक्षर जमेल, मुद्राही जमेल; पण पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या तिथीला कोणता वार होता आणि तेव्हा कोणता मायना चालत होता, हे सगळं एकाच कागदावर बिनचूक जुळवणं महाकठीण.

दुसरा साक्षीदार अक्षराचं वळण. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडी. ही लिपी पिढ्यांबरोबर बदलत गेली. शिवकालीन वळण वेगळं, पेशवेकालीन वेगळं. पेशवाईतही चिटणिसी, बिवलकरी, महादजीपंती, रानडी असे ढंग. मुरलेल्या वाचकाला मजकूर लागण्याआधीच काळाचा अंदाज येतो. तिसरा साक्षीदार कागद : जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावर शोभणारा मजकूर विलायती कागदावर उतरला असेल, तर प्रश्न विचारायलाच हवेत.

हे प्रश्न न विचारल्यानं काय होतं, ते पॅरिसमध्ये दिसलं. मिशेल शाल हे नामांकित गणितज्ञ. १८६० च्या दशकात व्रँ-देनी ल्यूका नावाच्या माणसानं त्यांना हजारो बनावट पत्रं विकली. न्यूटनच्या आधी पास्कलनं गुरुत्वाकर्षण ओळखलं होतं, असं ‘सिद्ध’ करणारी पत्रंही त्यांत होती आणि शाल यांनी ती १८६७ मध्ये विज्ञान अकादमीपुढे मांडली. त्याच संग्रहात क्लिओपात्रानं सीझरला लिहिलेलं पत्र होतं, तेही चक्क फ्रेंचमध्ये! ल्यूकाला १८७० मध्ये दोन वर्षांची कैद झाली. भूमितीतली एवढी तल्लख बुद्धी नावाच्या मोहापुढे आंधळी झाली होती.

इतिहासाचार्य राजवाडे यांना मोह होता तो कागदांचा. पत्र पेशव्याचं की गुमास्त्याचं, याची पर्वा न करता ते गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. १९१० मध्ये त्यांच्या पुढाकारानं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पुण्याच्याच पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमाल रचलेले आहेत, गो. स. सरदेसाई यांनी त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तरी तो डोंगराचा एक कोपराच.

या ढिगात महजर भेटतात, म्हणजे पंचांसमोर झालेले निवाडे. तिथे लिहिता न येणारा माणूसही कागदावर हजर असतो : पाटील-कुणब्याच्या नावापुढे निशाणी म्हणून नांगर काढलेला. ज्यांची पत्रं लिलावात कुणी मागणार नाही, त्यांचा शब्दही इथे राजमुद्रेइतकाच पुरावा ठरतो.

म्हणून घरच्या जुन्या पेटीत मोडी कागद निघाला तर त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. घडी जपून उलगडा आणि मोडी जाणणाऱ्याकडे न्या. त्यात छत्रपतींची मुद्रा नसेल कदाचित. पण तुमच्या गावाची शीव, एखाद्या विहिरीचा तंटा किंवा तुमचंच आडनाव तीनशे वर्षांपूर्वीच्या तारखेसह निघू शकतं.