लहान आकाराच्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्डाची निवड व जोडणी : सास्तूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात उद्ध्वस्त झाले व पुढे नव्याने वसले. अशा परिसराचा भूगोल शिकविताना जमिनीच्या उंचसखलपणाची त्रिमिती दृश्ये, उपग्रहाने टिपलेली चित्रे किंवा इमारतींच्या हालचालीची संगणकीय प्रतिरूपे वर्गात दाखविता आली, तर विषय विद्यार्थ्यांपर्यंत अधिक थेटपणे पोहोचतो. या कामासाठी संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असावे, अशी मागणी विभागांकडून होऊ लागते.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांना कार्यालयीन वापराचे लहान खोक्याचे संगणक सोयीचे पडतात. ते जागा कमी व्यापतात, वीज कमी घेतात आणि दुरुस्त करून पुन्हा विकले जाणारे नग तुलनेने स्वस्त मिळतात. मात्र हे खोके विस्ताराच्या हेतूने बनविलेले नसते. त्यात न बसणारे किंवा बसूनही न चालणारे कार्ड खरेदी झाले, तर ते बदलून घेण्यासाठी उमरगा, लातूर किंवा सोलापूर गाठावे लागते. बदल नाकारला गेल्यास ती वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमधील एक नोंद होऊन कपाटात पडते. अनुदान मर्यादित असताना ही चूक परवडणारी नाही. म्हणून कार्डाची क्षमता शेवटी व खोक्याची मर्यादा आधी, हा क्रम का पाळावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गरजेची निश्चिती :

बहुतेक कार्यालयीन संगणकांच्या प्रोसेसरमध्येच चित्रनिर्मितीची सोय असते. ती मुख्य स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, काही भाग वापरते. टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, चित्रफिती पाहणे व दोन पडदे जोडणे यांसाठी ती पुरेशी ठरते. ही सोय मंद वाटत असेल, तर प्रथम रॅमच्या पट्ट्या तपासाव्यात. एकच पट्टी असल्यास जोडीला तशीच दुसरी लावल्याने स्मृतीचे दोन मार्ग एकाच वेळी खुले होतात आणि चित्रनिर्मितीचा वेग वाढतो. हा खर्च कार्डाच्या तुलनेत अल्प असतो.

कामाचे स्वरूप पाहणेही आवश्यक आहे. क्यूजीआयएससारख्या प्रणालीत सपाट नकाशा रेखाटण्याचे काम मुख्यतः प्रोसेसर करतो, तेथे रॅम व एसएसडी वाढविणे अधिक फलदायी ठरते. त्याच प्रणालीतील त्रिमिती दृश्य, ब्लेंडरमधील प्रतिमानिर्मिती, चित्रफितींचे संपादन व यंत्रशिक्षणाचे प्रयोग यांत मात्र कार्डाचा खरा उपयोग होतो. एनव्हिडिया कंपनीने २००७ मध्ये कूडा ही प्रणाली खुली केल्यानंतर हे कार्ड सर्वसाधारण गणनेचेही साधन बनले. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक अनेक प्रोसेसर एकत्र जोडून घडविला होता. २०२० मधील ‘परम सिद्धी-एआय’ची गणनशक्ती प्रामुख्याने ग्राफिक्स प्रोसेसरांतून येते. या दोन यंत्रांमधील अंतर हे या बदलाचे द्योतक होय.

खोक्याच्या मर्यादा :

१) उंची व लांबी : नेहमीच्या कार्डाची मागील धातूची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर उंच असते. लहान खोक्यात सुमारे ८ सेंटिमीटर उंचीची पट्टी लागते. अशा कार्डांना ‘लो प्रोफाइल’ म्हणतात. शिवाय कार्डाची लांबी हार्ड डिस्कच्या चौकटीला किंवा वीजपुरवठ्याच्या पेटीला अडत नाही ना, हे मोजपट्टीने पाहावे. पुस्तकाएवढ्या आकाराच्या अतिलहान संगणकांपैकी बहुतेकांत असे कार्ड लावण्याची खाचच नसते.

२) जाडी : दोन शेजारच्या खाचांमधील अंतर सुमारे २० मिलिमीटर असते. काही कार्डांचा पंखा दुसऱ्या खाचेचीही जागा घेतो. खोक्याच्या भिंतीला खेटून असलेल्या खाचेत असे कार्ड बसत नाही.

३) वीज : पीसीआय एक्सप्रेसच्या मोठ्या खाचेतून कार्डाला कमाल ७५ वॅट वीज मिळू शकते. अधिक वीज घेणाऱ्या कार्डाला पुरवठ्याच्या पेटीतून वेगळी तार लागते व ती तार लहान संगणकांत सहसा नसते. काही कार्यालयीन संगणकांत निर्मात्याने खाचेची मर्यादा ७५ वॅटहूनही कमी ठेवलेली असते. त्यामुळे त्या विशिष्ट मॉडेलची पुस्तिका पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

४) खाचेचा मार्ग : लांब दिसणाऱ्या प्रत्येक खाचेत सोळा मार्ग कार्यरत असतातच असे नाही. काहींत चारच असतात. खाचेची पिढीही महत्त्वाची आहे.

उपलब्ध कार्डांचा विचार :

या मर्यादांत बसणारी कार्डे मोजकीच आहेत. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे २०१७ चे कार्ड केवळ ३० वॅट घेते. परंतु २०१८ मध्ये त्याच नावाने मंद स्मृतीचे दुसरे कार्ड आले. पहिल्याच्या स्मृतीचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट, तर दुसऱ्याचा सुमारे १७ गिगाबाइट आहे. दरपत्रकात ‘जीटी १०३०, २ जीबी’ एवढेच लिहिले, तर दोन्ही कार्डे त्या वर्णनात बसतात. शिवाय २०२५ मध्ये आलेल्या कूडाच्या तेराव्या आवृत्तीतून या पिढीच्या कार्डांना वगळण्यात आले. म्हणून यंत्रशिक्षणासाठी ते आता घेऊ नये.

एएमडीचे आरएक्स ६४०० हे २०२२ चे कार्ड ५३ वॅट घेते. मात्र ते चारच मार्ग वापरते. तिसऱ्या पिढीच्या खाचेत त्याची देवाणघेवाण चौथ्या पिढीच्या निम्म्यावर येते. त्यात चित्रफीत संकेतबद्ध करण्याची यांत्रिक सोयही नाही, त्यामुळे व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करण्यासाठी ते उपयोगी नाही. इंटेलच्या आर्क मालिकेतील ए३१० व ए३८० ही कार्डे चित्रफितींच्या कामात सरस आहेत. परंतु त्यांना ‘रिसायझेबल बार’ ही सोय लागते व जुन्या संगणकांत ती सहसा नसते.

२०२४ चे एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० (६ जीबी) ७० वॅटमध्ये चालते व लो प्रोफाइल स्वरूपातही मिळते. व्यावसायिक मालिकेतील आरटीएक्स ए२००० हेही ७० वॅटचे आहे. मात्र ही दोन्ही सहसा दोन खाचांची जागा घेतात. एकच खाच मोकळी असेल, तर ५० वॅटचे टी१००० हा पर्याय उरतो. म्हणजेच सर्वांत वेगवान कार्ड कोणते, या प्रश्नाचे उत्तर खोकेच देते.

स्थानिक परिस्थितीचा परिणाम :

मराठवाड्यात मे महिन्यात तापमान ४० अंशांपुढे जाते. पंख्याचे कार्ड खोलीतील हवेनेच थंड होत असल्याने खोली जितकी तापते, तितकेच कार्डही अधिक तापते. ठरावीक मर्यादेनंतर ते स्वतःचा वेग घटवते. लहान खोक्यात धूळ साचल्यास ही मर्यादा लवकर गाठली जाते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी सफाई करावी व खोके भिंतीला टेकवून ठेवू नये.

यूपीएसचाही फेरविचार करावा लागतो. ६०० व्हीएचा यूपीएस सहसा सुमारे ३६० वॅटचा भार पेलतो. संगणक व पडदा मिळून १०० वॅट घेत असतील आणि त्यात ७० वॅटचे कार्ड आले, तर भार पेलला जातो, परंतु वीज गेल्यावर काम सुरक्षित जतन करण्यासाठी मिळणारा अवधी निम्म्याच्या जवळ येतो.

पडदे व प्रक्षेपक यांचीही दखल घ्यावी. अनेक महाविद्यालयांत अजून व्हीजीए जोडणीची साधने आहेत, तर नव्या कार्डांत ती जोडणी नसते. योग्य अ‍ॅडॉप्टर त्याच मागणीपत्रात समाविष्ट करावा.

जोडणीची पद्धत :

प्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत काढावी व निर्मात्याच्या संकेतस्थळावर बायोसची नवी आवृत्ती असल्यास ती बसवावी. संगणक बंद करून वीजतार काढावी व सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निघू द्यावी. खोक्याच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज घालवावी. कार्डाची उंच पट्टी काढून सोबत आलेली लहान पट्टी स्क्रूने बसवावी. खोक्याचे मागील झाकण काढून कार्ड दोन्ही बाजूंनी सारखे दाबावे आणि खटका बसल्याची खात्री झाल्यावर स्क्रू आवळावा. पडद्याची तार आता मदरबोर्डला न जोडता कार्डाला जोडावी. त्यानंतर कार्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. शेवटी खोके बंद करून अर्धा तास प्रत्यक्ष काम चालवावे व तापमानाची नोंद ठेवावी. उघड्या खोक्यातील चाचणी उन्हाळ्यातील वर्तनाबद्दल काहीच सांगत नाही.

हमीची मुदत शिल्लक असल्यास खोके उघडल्याने ती बाधित होते का, हे पुरवठादाराकडून आधीच लेखी घ्यावे.

समारोप :

खरेदी समितीपुढे जाणाऱ्या मागणीपत्रात कार्डाच्या नावाबरोबर पट्टीची उंची, कमाल लांबी, व्यापलेल्या खाचा, कमाल वॅट, स्मृतीचा प्रकार, जोडण्यांचे प्रकार आणि ज्या संगणकात ते बसवायचे त्याचे मॉडेल, ही सात कलमे असावीत. गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवरून खरेदी होवो वा स्थानिक दुकानातून, ही कलमे लेखी असली म्हणजे न जुळणारी वस्तू परत करण्यास आधार मिळतो. मोजपट्टी व पुस्तिका घेऊन केलेली अर्ध्या तासाची पाहणी हा या खरेदीतील सर्वांत स्वस्त टप्पा आहे, आणि पुढचा सर्व खर्च सार्थकी लागणे त्यावरच अवलंबून आहे.