सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषा

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात शोधाला नाव असते, साल असते, सूत्र असते. शोध लावणाऱ्याला मात्र घर नसते, जात नसते, पोट नसते. 'साहा समीकरण' पदवीच्या वर्गात दहा मिनिटांत फळ्यावर मांडून होते. ते मांडणाऱ्या मेघनाद साहांना कोणत्या पंगतीत बसू दिले नव्हते, हे विचारायला अभ्यासक्रमात जागा नाही. विज्ञान जातीपातीच्या पलीकडचे असते, असे त्यावर ऐकवले जाते. निसर्गाचे नियम पलीकडचे असतीलही. प्रयोगशाळेचे दार तसे नाही. सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

जोसेफ फ्राउनहोफर हा बव्हेरियातल्या एका काचकारागिराचा मुलगा, जन्म १७८७. अकराव्या वर्षी आईबाप दोन्ही गेलेले. म्युनिकमधल्या एका आरसे करणाऱ्याकडे त्याला उमेदवारीला बांधले. मालक शिकू देत नसे. १८०१ साली मालकाचे घर कोसळले, पोरगा ढिगाऱ्याखाली सापडला, आणि त्याला जिवंत बाहेर काढले तेव्हा बव्हेरियाचा अधिपती स्वतः तिथे आलेला होता. त्याने दिलेल्या पैशांतून जोसेफने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उमेदवारीतून आपली सुटका विकत घेतली. पुढे दुर्बिणींची भिंगे घडवताना काचेची पारख अचूक व्हावी म्हणून तो सूर्यकिरण लोलकातून पाहू लागला. १८१४ साली त्याला रंगांच्या पट्ट्यात शेकडो काळ्या रेषा दिसल्या. १८०२ मध्ये वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला अशा मोजक्या रेषा दिसल्या होत्या. फ्राउनहोफरने पाचशेहून अधिक टिपल्या, कारण त्याच्या हातची काच तेवढी निर्दोष होती. हा शोध कारागिराच्या हाताचा आहे. आणि तरीही म्युनिकच्या विद्वत्सभेत त्याला घेण्यास विरोध झाला. कारण काय, तर विद्यापीठाचे शिक्षण नाही!

या रेषांचा अर्थ १८५९ च्या सुमारास किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी लावला. चुलीत मिठाचा खडा टाकला की ज्वाळा पिवळी होते. तो सोडियमचा रंग. सूर्यप्रकाशात नेमक्या त्याच जागी काळी रेषा आहे, कारण सूर्याभोवतालच्या वायूतल्या सोडियमने तो रंग शोषून घेतलेला असतो. प्रत्येक मूलद्रव्याचा असा जणू अंगठ्याचा ठसाच. पण एक कोडे उरले. काही रेषा ठळक, काही पुसट, आणि ताऱ्यागणिक हे बदलते. ते का?

उत्तर कलकत्त्याहून आले. साहांचा जन्म १८९३ चा, ढाका जिल्ह्यातल्या शेवडातली गावचा. बाप किराणा दुकानदार, जात खालच्या पायरीवर ठेवलेली. (आपल्याकडच्या अस्पृश्यतेशी तिची सरसकट तुलना करू नये, पंगत मात्र वेगळी होती.) पुढची शाळा दूरच्या गावी. तिथे अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी त्याला घरी ठेवून घेतले. अट अशी की आपली ताटली आपण धुवायची आणि गाईकडे पाहायचे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आल्यावर ईडन हिंदू वसतिगृहातल्या उच्चवर्णीय मुलांना त्याच्यासोबत जेवणे चालेना. सरस्वतीपूजेच्या वेळीही त्याला दूर ठेवले गेले. विद्येच्या देवतेपासून दूर ठेवलेल्या या विद्यार्थ्याने १९२० साली दाखवून दिले की प्रचंड उष्णतेत अणूमधून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि किती सुटतात हे तापमान व दाब यांवरून गणिताने काढता येते. रेषेचा ठळकपणा म्हणजे मूलद्रव्याचे प्रमाण नव्हे. त्यात तापमानाचाही हिशेब आहे. पुढे, सगळे आपल्या वेदांत आधीच आहे असे सांगणाऱ्यांची साहांनी १९३९ साली बंगाली नियतकालिकातून चांगलीच हजेरी घेतली. हा लेख मराठीत शाळाशाळांतून वाचला जावा.

साहांचे समीकरण ताऱ्यांना पुरते लावून पाहिले ते सेसिलिया पेन यांनी. त्या गरीब घरच्या नव्हत्या. पण केंब्रिजमध्ये शिकूनही पदवी नाही, कारण ते विद्यापीठ १९४८ पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नव्हते. त्या अमेरिकेत हार्वर्डला गेल्या आणि १९२५ च्या प्रबंधात त्यांनी हिशेब मांडला: तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत, पृथ्वीसारखे लोखंड-मातीचे नव्हेत. हेन्री नॉरिस रसेल या मोठ्या शास्त्रज्ञांनी हे अशक्य ठरवले. पेन यांना आपल्याच निष्कर्षाखाली तो बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचले आणि कितीतरी काळ श्रेय त्यांच्याकडेच राहिले. पेन हार्वर्डच्या प्राध्यापक झाल्या १९५६ मध्ये. त्याच वर्षी साहा वारले.

अशा कथा सांगून झाल्या की कुणीतरी म्हणतो, पाहा, प्रतिभेला कोणी अडवू शकत नाही. हे म्हणणारा बहुधा कधी अडवला गेलेला नसतो. फ्राउनहोफरला शिकायला मिळावे म्हणून एक घर कोसळावे लागले. ढाक्याच्या शाळेत, गव्हर्नरच्या भेटीवरील बहिष्कारात सामील झाल्यामुळे साहांना काढून टाकले आणि शिष्यवृत्ती गेली. शिष्यवृत्ती होती महिना चार रुपये. खेरीज थोरला भाऊ पाच रुपये पाठवी, आणि पूर्व बंगालच्या वैश्य समितीचे दोन रुपये येत.